चार टिंबांचा जर्मन खंजीर

मी घरातला पहिला पदवीधर. वडिलांना सहीपुरतीही अक्षरं येत नव्हती. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अधिकाऱ्यांचे खंजीर जमवायचा नाद लागला. हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेले पहिले दोन नकली निघाले. फसत फसतच शिकलो. हा मिरवण्याचा खंजीर, म्हणून पात्याला धार नसते. मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या पट्टीवर गरुड असतो, त्याच्या पंजात तिरकं स्वस्तिक. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल, तर अंगठ्याने घासल्यावर कापराचा वास येतो.

गावातल्या तात्यांकडे असा एक खंजीर होता. त्या युद्धात ते इटलीत, सामान वाहणाऱ्या खेचरांच्या तुकडीत होते. एका जखमी जर्मन अधिकाऱ्याला खेचरावर घालून त्यांनी दवाखान्याच्या तंबूपर्यंत आणलं आणि त्याने कंबरेचा खंजीर काढून यांच्या हातात दिला, असं ते सांगत. गावात कुणाला ते खरं वाटत नसे. सोसायटीचे पंच असताना शिष्यवृत्तीसाठी माझं नाव तात्यांनीच लावून धरलं होतं. माझं शिक्षण त्यांच्यामुळे झालं.

सलग तिसरा पावसाळा कोरडा गेला त्या वर्षीची गोष्ट. सहकारी कारखान्याला गाळायला ऊस नव्हता, तरी सभागृहात माजी सैनिकांच्या वस्तूंचं काचेचं कपाट करायचं ठरलं. तात्या खंजीर घेऊन आले. चेअरमननी मला बोलावून घेतलं आणि सगळ्या संचालकांसमोर विचारलं, सर, हा अस्सल आहे का?

मी भिंग लावलं. गरुड घासून घासून सपाट झाला होता. त्याच्या पंजातलं स्वस्तिक सरळ होतं आणि त्याच्या चार घरांत चार टिंबं होती. आपल्या दारावर काढतात तसं. जर्मन खंजिरावर असं कधीच नसतं. मूठ घासली तर कापराचा वास आला, पण हा खंजीर दरवर्षी खंडेनवमीला पूजेत मांडतात हे मला माहीत होतं. आरतीचा कापूर असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग अभ्यास केलेल्या माणसाच्या आवाजात सांगितलं की स्वस्तिक आपल्या पूजेतलं आहे, ही इथेच कुठेतरी केलेली नक्कल आहे.

तात्या खंजीर उपरण्यात गुंडाळून निघून गेले. आठवड्याभरात ही गोष्ट चारा छावणीत पोचली. तिथे तात्या दोन बैल घेऊन राहत होते. त्यांच्या बरोबरीचा एक जण रोज विचारायचा, "काय मिल्ट्री, जर्मनीत लोक लई देवभोळे हायत म्हन की बे?" मग सगळी छावणी हसायची.

महिन्याभराने टँकरच्या रांगेत त्यांची सून भेटली. घागर खाली ठेवून तिने सांगितलं की सासूबाईंना ते तिरकं स्वस्तिक अशुभ वाटायचं. तात्या फौजेतून आल्यावर घरातली दोन लेकरं एका वर्षात गेली होती. तेव्हा सासूबाईंनी सोनाराकडून ते कानशीने घासून घेतलं आणि त्या जागी सरळ, टिंबांचं कोरून घेतलं.

"मग तात्यांनी तिथं सांगितलं का नाही?"

"मेलेल्या बाईचं चारचौघात कावून हसं करायचं, म्हनले."

मी तसाच छावणीवर गेलो. तात्या बैलांसाठी बाहेरून आलेले उसाचे वाढे, म्हणजे शेंडे, तोडत बसले होते. हातात तोच खंजीर. धारवाल्याकडून त्याला धार लावून घेतली होती. पातं झिजून अरुंद झालं होतं आणि टोक मोडलं होतं. मी तो मागून घेतला आणि मुठीच्या वरचा बोंडासारखा भाग फिरवला. बऱ्याच वेळाने तो सुटला. आत पूजेचा किंवा सोनाराचा हात पोचला नव्हता. मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या दांड्यावर, पट्टीच्या आत आणि बोंडात एकच आकडा ठोकलेला होता. जर्मन कारागीर जोडणीसाठी असा आकडा ठोकत; म्हणजे सगळे भाग मूळचे एकमेकांचे होते.

मी त्यांना म्हटलं, तात्या, हा अस्सल आहे, चूक माझी झाली, मी आजच चेअरमनना पत्र लिहितो.

"मला कवा संशय व्हता?" ते म्हणाले. मग हात पुढे करून त्यांनी खंजीर परत मागितला. बैल चाऱ्यासाठी थांबले होते. "तितं समद्यांसमोर बोललास, मास्तर. हितं मला एकट्याला सांगून काय उपेग?"

कारखान्याची वार्षिक सभा त्या वर्षी दिवाळीनंतर ढकलली होती. मी तिथे उभा राहिलो आणि कापरापासून आकड्यांपर्यंत सगळं सांगितलं. माझी चूक कुठे झाली तेही सांगितलं. सभागृहात बाराएक माणसं होती आणि त्यांचं लक्ष टँकरच्या विषयाकडे होतं. तात्या आले नव्हते. छावणीत त्यांना हसणाऱ्यांपैकीही कुणी नव्हतं. ऊसतोड सुरू होताच छावणी मोडली होती आणि ते सगळे बैल घेऊन लांबच्या कारखान्यांवर गेले होते.