हिंकल म्हणजे कोंबडी

लग्नाआधी मी पुण्यात चार वर्षं जर्मन शिकले होते. अमेरिकेत त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, त्यामुळे ते मिरवायची संधी मी शोधतच असे. ती मिळाली पेन्सिल्व्हेनियात, अंडी विकणाऱ्या एका बाईच्या अंगणात.

आमच्या गावाबाहेर आमिश लोकांची शेतं होती. घोडागाडीतून फिरणारी, घरात वीज न घेतलेली ही माणसं. पूर्वजांनी जहाजातून आणलेली जर्मन ती अजून घरात बोलत. मी लेकीला घेऊन दर शनिवारी तिथे अंड्यांना जाई.

त्या वर्षी आमच्या घरात मराठी बंद होती. साडेचार वर्षांची लेक नर्सरीत तोंड उघडत नव्हती. तिथल्या टीचरनं सांगितलं, दोन भाषांमुळे तिचा गोंधळ होतोय, घरी फक्त इंग्लिश बोला. ऐंशीच्या दशकात आम्ही इथे नवे. टीचर म्हणतात ते खरंच असणार. मी आणि नवरा एकमेकांना भाजीसुद्धा इंग्लिशमध्ये वाढू लागलो. लेक मराठीत काही बोलली की मी म्हणायचे, "इन इंग्लिश, बाळा." चार महिने झाले. नर्सरीत ती बोलली नाहीच, वर घरातही गप्प झाली. ही आता कधी बोलणारच नाही, अशी धास्ती मी घेतली होती.

तर त्या शनिवारी बाईची धाकटी मुलगी, आमच्या लेकीएवढीच, एका तांबड्या कोंबडीला काखेत धरून आली आणि म्हणाली, "हिंकल." मी लगेच तिला सुधारलं. जर्मनमध्ये कोंबडीला 'हून' म्हणतात, म्हटलं. तिच्या आईदेखत. पुण्याहून आलेल्या माणसाला हे असं सुचतं.

बाई हसली. इंग्लिशमध्ये म्हणाली, "तू पुस्तकातून शिकलीस. आम्ही आईकडून शिकलो." पुढे नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जर्मन माणसानं सांगितलं की आमिशांच्या ऱ्हाइनकाठच्या मूळ मुलखात आजही 'हिंकल'च म्हणतात, जर्मनीतल्याच श्वाबियात 'हेन', बव्हेरियात 'हेंडल'. मी जिला शिकवायला निघाले होते, तिचा शब्द माझ्या सर्टिफिकेटपेक्षा कितीतरी जुना होता. पण तेव्हा ओशाळून मी विषय बदलला आणि विचारलं, हिला इंग्लिश येतं का?

"नाही. सहाव्या वर्षी शाळेत जाईल तेव्हा येईल. मोठीला तसंच आलं." अंडी खोक्यात रचता रचता ती म्हणाली, "इंग्लिश द्यायला सगळं गाव आहे. आमची बोली मी नाही दिली तर कोण देणार?"

तेवढ्यात त्या छोटीनं कोंबडी आमच्या लेकीपुढे धरली आणि पुन्हा म्हणाली, "हिंकल." लेकीनं कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग आधी माझ्याकडे पाहिलं. रागावेन का, हे ती पाहत होती. साडेचार वर्षांचं पोर एक शब्द बोलायला परवानगी मागत होतं, आणि ती अट मीच घातलेली होती. मला रडू आलं. मी मान हलवली.

"कोंबडी," ती हळूच म्हणाली. छोटीनं तो शब्द आपल्या परीनं म्हणून पाहिला, आणि दोघी हसल्या.

परत येताना मी गाडीत मराठीत बोलायला लागले. कोंबड्या झोपतात कुठे, तिनं विचारलं. त्यांना आई असते का? मी सांगत गेले आणि आमचं वळण मागे राहिलं. त्या बाईचे आभार मानायला मी पुढच्या शनिवारी गेले, तर तिला कळेचना कशाबद्दल. एरवीपेक्षा दोन अंडी जास्त दिली तिनं. आज लेक माझ्याशी फोनवर मराठीत भांडते तेव्हा त्या बाईची मनापासून आठवण येते.

त्या दिवशी चुकलेल्या वळणाकडे गाडी वळवून घेताना मी लेकीला विचारलं होतं, इतके दिवस गप्प का होतीस गं?

"मला तुझ्यावर रागवायचं होतं," ती म्हणाली. "ते मला इंग्लिशमध्ये येत नव्हतं."