एक जूनचा नागसेन

उंब्रजच्या आमच्या शाळेत चंद्राबाई आपल्या मुलाला, नागसेनला, पहिलीत घालायला आली ती २००३ च्या जूनमध्ये. तिचा नवरा यल्लाप्पा हायवेवरच्या टायरच्या दुकानात कामाला होता. मी शाळेत लिपिक होतो, आजही आहे. मुलाचा जन्म कधीचा, असं मी विचारलं.

"चार वर्सामागं औंधच्या जत्रेतला हाय, पुनवंच्या दुसऱ्या दिशीचा," ती म्हणाली. "ह्ये टेंपोतनं पाळण्याचं सामान घिऊन तिकडं गेलतं. परत आलं तवा ह्यो झाल्याला."

जुनं पंचांग काढून हिशेब केला. ३ जानेवारी १९९९. म्हणजे मूल साडेचार वर्षांचंही नव्हतं आणि पाच पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत नाव घालता येत नव्हतं. घालायचं मात्र दोघांनाही होतं. तिला कोंबड्यांच्या शेडवर कामाला जायचं होतं, आम्हाला दुसरी तुकडी टिकवायला पट हवा होता. मी जनरल रजिस्टरमध्ये १ जून १९९८ अशी तारीख लिहिली. त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या भागात निम्मी माणसं एक जूनलाच जन्मलेली असतात. माझी स्वतःची तारीख तीच आहे.

यल्लाप्पाने मात्र जत्रेहून आल्या आल्या ग्रामपंचायतीत जन्म नोंदवून ठेवला होता. तीन जानेवारीच.

नागसेन सातवीत असताना नाथाजी सर खेळशिक्षक म्हणून आले. ते कोल्हापूरचे, त्यामुळे आल्याबरोबर त्यांनी मैदानातली कबड्डीची आखणी पुसून फुटबॉलचे गोलपोस्ट उभे केले. नागसेन वर्गात सगळ्यात लहान आणि पळण्यात सगळ्यात मागे. सरांनी त्याला मधल्या फळीत उभा केला. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघायचा, एकदा डाव्या. चेंडू पायाला लागेपर्यंत तो कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असायचं. "पळतंय कोण, हे समद्यांना दिसतंय," सर म्हणायचे. "हा बघतोय, ते कुणाला दिसत न्हाई."

तो दहावीत गेला त्या वर्षी चौदा वर्षांखालील स्पर्धेसाठी एक जानेवारी १९९९ नंतर जन्मलेली मुलं हवी होती. सरांनी ग्रामपंचायतीचा दाखला जोडला आणि नागसेनचं खेळाडू-कार्ड त्यावर निघालं. शाळेत वेगळी तारीख आहे, असं मी सांगितलं.

"खरी कुठली?" सरांनी विचारलं.

"पंचायतीतली."

"मग झालं की."

शाळेची तारीख दुरुस्त करायची तर मुलगा शाळेत असेपर्यंतच करता येते. प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, आणि चुकीची नोंद कुणी केली हा पहिला प्रश्न येतो. दरवर्षी मी ते पुढच्या वर्षावर ढकलत आलो होतो. २०१३ साली तो दहावी झाला, दाखला घेऊन गेला.

पुढचं मला पेपरातून आणि चंद्राबाईकडून कळत गेलं. पुण्यातली अकादमी, मग एकोणिसाव्या वर्षी गोव्यातल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबशी करार. तिथे चार हंगाम. संघातली पोरं त्याला काका म्हणायची, कारण तो कधी घाईत दिसायचा नाही. २०२२ साली वरच्या लीगमधल्या क्लबने त्याला मागितलं. सरावाचं शिबिर परदेशात होतं, म्हणून पासपोर्ट काढला. पासपोर्टवर दहावीच्या दाखल्याची तारीख आली. कार्डावर १९९९, पासपोर्टवर १९९८. वय लपवून लहान मुलांत खेळला, असा आरोप ठेवून फुटबॉल संघटनेने त्याला नोटीस काढली. क्लब म्हणाला, निकाल लागू दे, मग सही करू.

तो ऑफिसात आला तेव्हा खुर्ची दिली तरी बसला नाही.

"भाऊसाहेब, एकच काम. एक जून ही तारीख अंदाजानं लिवली, असं पत्र द्या. आन् रजिस्टरच्या त्या पानाची नक्कल. पानावर माझ्यासंगं सत्तावीस पोरं एक जूनची हायती. येडंबी सांगंल काय झालंय ते."

"पान देता येतं का बघतो."

"बघा न्हवं, द्या. मंगळवारी सुनावणी हाय."

मुख्याध्यापिका संयोगिता मॅडमनी पान पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. "एकाला दिलं की सत्तावीस जणांची चौकशी लागेल. अक्षर तुमचं आहे, भाऊसाहेब. तुमच्या पेन्शनचा विचार करा." रागावून नाही, काळजीने म्हणाल्या.

मी पत्र टाइप केलं. "मूळ अभिलेखानुसार सदर विद्यार्थ्याची जन्मतारीख १ जून १९९८ अशी आहे." सोबत फक्त त्याच्या ओळीचा उतारा, शिक्का मारून. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. नागसेनने ते दोनदा वाचलं.

"ह्ये तर त्येंच्याकडं आदीच हाय," तो म्हणाला.

मी शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याने पत्र घडी न करता हातात धरलं आणि गेला.

दोन वर्षांची बंदी आली. कोल्हापुरात तालमींच्या नावाने फुटबॉल खेळणाऱ्या संघांनीही हात वर केले, कारण बंदीतला खेळाडू उतरवला तर सामना जातो. पहिलं वर्ष तो रोज तारळी नदीच्या काठाने पळायचा. शाळेत येताना मला दिसायचा, मी मान खाली घालून स्कूटर पुढे काढायचो. दुसऱ्या वर्षी दिसेनासा झाला. बंदी उठल्यावर पुण्यात एका क्लबच्या चाचणीला गेला होता, तिथल्या प्रशिक्षकाने नाथाजी सरांना फोनवर सांगितलं, "पाय चांगले आहेत. बघायला उशीर होतो."

मागच्या महिन्यात लग्नाच्या निमित्ताने सांगलीला गेलो होतो. नागसेन विश्रामबागेकडे एका टर्फवर असतो, असं कळलं होतं. हिरवी कृत्रिम गवताची जागा, भोवती जाळी, तासावर भाड्याने. दुपारचे चार वाजले होते. काउंटरवर तोच होता. राहतो बहिणीकडे, दीपमालाकडे, कडेगावला, एसटीने ये-जा करतो.

"आवं भाऊसाहेब," तो उठला. चहा मागवला. आईबापाचं सांगितलं. मी घरून लिहून आणलेलं नवं पत्र खिशातून काढलं. त्यात सगळं लिहिलं होतं, औंधची जत्रा, पट, माझं अक्षर, सत्तावीस नावं. खाली माझी सही. मे अखेर मी निवृत्त होतोय, चौकशी लागली तर लागू दे, असं त्याला म्हणालो.

त्याने सावकाश वाचलं.

"लय चांगलं लिवलंय."

"कुठे पाठवायचं ते सांग. मी स्वतः जाऊन देतो."

"कशाला? पंचायतीच्या तारखेनं धरा न्हाई तर शाळंच्या, आता दोनीनंबी म्हाताराच हाय मी." तो हसला. "चहा घ्या, गार व्हतोय."

आतून कॉलेजची पोरं हाका मारत होती. त्यांचा एक जण आला नव्हता. "ओ काउंटर, येता का? एक कमी आहे." काका म्हणायलाही त्यांना तो ठाऊक नव्हता. नागसेन चपला काढून अनवाणीच आत गेला आणि मध्ये उभा राहिला. मी जाळीला धरून पाहत होतो. चेंडू त्याच्याकडे आला. त्याने तो पायाने अडवला, खाली चेंडूकडे पाहिलं, मग मान वर केली आणि कुणाला द्यावा ते शोधू लागला. तोवर समोरच्या पोराने तो काढून नेला.

"चालायचंच, अंकल," कुणीतरी म्हणालं.

पाच-सात मिनिटांनी त्यांचा गडी आला आणि नागसेन बाहेर आला. पायाला चिकटलेले काळे रबराचे कण त्याने झटकले, चपला घातल्या. माझं पत्र काउंटरवर तसंच पडलं होतं. त्याने ते नीट घडी करून बुकिंगच्या वहीखाली ठेवलं आणि पाचच्या खेळाला आलेल्या मुलांना विचारलं, "नाव काय लिवू?"