हात पिवळे

मंजुळाबाईचे हात मनगटापर्यंत पिवळे. चिकलठाण्याच्या मसाल्याच्या कारखान्यात ती हळदीच्या गिरणीवर कामाला, आणि हा रंग साबणाला जुमानत नाही. सिटी बसमध्ये कुणी विचारायचंच, "मावशी, हळदीला जाऊन आलात का?" ती म्हणायची, "व्हय, रोज एक लगीन असतं आमच्यात."

थट्टा ठीक, पण पोटच्या पोरीचं, शीलाचं, लग्न काही जमत नव्हतं. शेवटी कन्नडच्या चतुराबाईंनी आपल्या आदिनाथसाठी तिला पसंत केलं. बोलणी दिवाळीनंतर करू म्हणाल्या. तोवर घरी बसून काय करायचं, म्हणून शीलाही आईबरोबर गिरणीवर लागली.

अशात मध्यस्थ साहेबरावांनी शीलाच्या वडलांना, मल्हाररावांना, फोन लावला. मल्हारराव मेंढरांमागं डोंगराच्या अंगाला; रेंज आली तर आली.

"पोरगी काय म्हणती?"

"मजेत! तिचे बी हात पिवळे झाले की आता."

एवढं अभिमानानं सांगितलं आणि फोन कटला. उरलेलं साहेबरावांनी मनानंच जुळवलं. दिवस मावळायच्या आत कन्नडला खबर पोचली: पोरीचं उरकलं, आपल्याला न सांगता. चतुराबाईंनी फोन उचलणंच सोडलं.

"आम्हाला जेवायला बी नाय बोलावलं?" असा साहेबरावांच्या बायकोनं टोमणा मारला, तेव्हा कुठं घोळ कळला. मंजुळाबाईनं नवऱ्याचा यथेच्छ उद्धार केला आणि कामावरून सुटल्यावर तशीच शीलाला घेऊन कन्नडची एसटी धरली. गडबडीत हातांचा विचार कुणी केलाच नाही.

चतुराबाईंनी दारातच शीलाचे हात पाहिले. "अजून हळद बी उतरली नाय. अन् मंगळसूत्र कुठंय?"

"मशीनवर गळ्यात काही घालू देत नाहीत," शीला म्हणाली. खरं तेच बोलली बिचारी.

मंजुळाबाईनं कपाळावर हात मारला. कपाळही पिवळं झालं. मग तिनं स्वतःचे दोन्ही हात चतुराबाईंच्या नाकासमोर धरले. "हे बघा ताई. मग माझं बी कालच लागलं म्हणा की!"

आत आदिनाथ फिसकन हसला. चतुराबाईंनाही हसू आवरेना.

"बसा," त्या म्हणाल्या. "पण आमच्या घरची उष्टी हळद लागंल, तवा हात कोरे पायजेत. लोकांना फरक कळाया नको का? किती दिसांत निघतो ह्यो रंग?"

"काम बंद ठिवलं तर महिन्यानं," मंजुळाबाई म्हणाली.

"मग मुहूर्त त्याच्या म्होरचा धरा. उद्यापासनं काम बंद."

महिन्याची रजा कोण देतं, हे विचारायला शीलानं तोंड उघडलं, तोच मंजुळाबाईनं तिचा पाय दाबला.