उलटी चप्पल आणि हेल्गाबाईंचा खेकडा

"कुणी हात लावला?" हेल्गाबाई ओरडल्या, तेव्हा मी जेवून हात पुसत होतो.

साठच्या दशकातलं शारजा. हेल्गाबाई जर्मन. मुलांसाठी बाहुल्यांच्या फिल्म करण्यात त्यांची उमर गेलेली. इथे त्या मोती काढणाऱ्या पाणबुड्याच्या मुलाची गोष्ट करत होत्या. मी त्यांचा कॅमेरामन, मूळचा रत्नागिरीचा.

हे काम घाईचं नाही. बाहुली केसभर हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. असे चोवीस फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. मधेच काही सरकलं तर पडद्यावर ते टुणकन उडतं. त्यात कॅमेऱ्यात शेवटचा रोल. दुसरा मागवेपर्यंत जर्मनीतल्या टीव्हीवाल्यांनी फिल्मच रद्द केली असती.

शॉट असा होता: मुलगा चपला भिरकावून समुद्रात उडी मारतो, एक चप्पल वाळूत उलटी पडते. जेवणाआधी ती उलटीच होती. आता सुलटी!

घरमालक अब्दुल रहमानचाचा चहा घेऊन आले. तेही आमच्याच गावाकडचे.

"मीच केली सीधी. घरात उलटी चप्पल म्हणजे झगडा, मालूम नाही काय?"

मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. बाई लालबुंद. "टेल हिम, इट्स अ डॉल्स शू!"

"डॉलची असली म्हणून काय झालं? घर तर माझं आहे ना?"

झगडा लागलाच होता. चप्पल पुन्हा उलटी ठेवली असती, तरी तंतोतंत त्याच जागी बसली नसती. म्हणजे सकाळची मेहनत खलास!

बाई खुर्चीत बसल्या. चहा प्यायल्या. मग मला म्हणाल्या, "चपलेची ही उडी लपवता येत नाही. पण तिला कारण देता येतं. वाळूत कोण राहतं?"

मी चाचांना विचारलं.

"कुर्ल्या! खेकडे! दुसरं कोण राहणार?"

बाईंनी लाल मेणाचा खेकडा केला. चप्पल पुन्हा उलटी ठेवली. तिच्याखालून खेकडा डोकावतो, ती हिसका खाते आणि तो तिला सुलटी करून निघून जातो. चपलेचा हिसका आता खेकड्याच्या नावावर गेला.

फिल्म जर्मनीतल्या टीव्हीवर दाखवून झाली. मग त्या हिवाळ्यात बाईंनी ती चाचांच्या गच्चीवर चादर बांधून दाखवली. चप्पल उलटी पडली तशी मोहल्ल्यातली मुलं कुजबुजायला लागली. चाचा तर अर्धे उठलेच! मग खेकडा आला, चप्पल सुलटी झाली.

"अल्हमदुलिल्लाह," म्हणत चाचा खाली बसले. सगळी गच्ची हसली. मला तर हसून हसून बोलवेना.

बाई म्हणाल्या, "जर्मनीतली मुलंही खेकड्याला हसली. पण चपलेची काळजी कुणालाच नव्हती."

तेव्हापासून कुठल्याही सेटवर मी लाइट लावण्याआधी चपला बघतो. एखादी उलटीच हवी असेल, तर जेवायला जाताना दाराला कुलूप घालतो.