उजवं इंजिन

मी इंजिनावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. चांगलंच गरम होतं.

"सकाळी चालू करून ठेवलं होतं, मॅडम," दलाल म्हणाला. "तुमचा वेळ वाचावा म्हणून."

माझा वेळ वाचवू पाहणारी माणसं मी आयुष्यभर बघत आले आहे. नाशिकला आडगाव नाक्याजवळ आमचा ट्रकचा धंदा. नवरा गेला तेव्हा मुलगी शाळेत होती. गाड्या विका आणि व्याजावर शांत बसा, असं झाडून सगळ्यांनी सांगितलं. मी विकल्या नाहीत. देवळ्या-चांदवडचा कांदा, मालेगावचं कापड, जे भाडं मिळेल ते घेत गेले. जुनी गाडी घ्यायची झाली तर माझा एकच हट्ट असायचा: इंजिन रात्रभर बंद राहिलेलं हवं आणि सकाळचा पहिला सेल माझ्यासमोर मारायचा. गरम इंजिन कुणाच्याही हाताने सुरू होतं. त्याचं खरं दुखणं गारठल्यावरच बाहेर येतं.

आता मात्र मी ट्रकखाली नव्हते. रायगडच्या किनाऱ्यावर एका जेट्टीला बांधलेल्या मोठ्या बोटीच्या पोटात, दोन डिझेल इंजिनांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, साडी खोचून बसले होते. खोल समुद्रात गळाने मोठे मासे पकडायला हौशी लोक नेतात, तसली ही बोट. वर उंचावर चालकाची जागा, मागच्या डेकवर पक्की बसवलेली खुर्ची. तिच्यात बसून माणूस माशाशी झुंजतो. मुलगी त्या खुर्चीवरून हात फिरवत होती, तेव्हाच मी ओळखलं की ही पोरगी आता बोटीला नाही म्हणायची नाही.

शिकायला म्हणून ती गोव्याला गेली आणि समुद्रावरच राहिली. आधी दुसऱ्यांच्या बोटींवर दोऱ्या ओढल्या, मग परीक्षा देऊन बोट चालवण्याचा परवाना काढला. पाहुणे हिच्या भरवशावर समुद्रात जायचे आणि परत आल्यावर हात मालकाशी मिळवायचे. एका दिवाळीला घरी येऊन म्हणाली, "आई, मला माझी बोट हवीय. जुनी चालेल."

धाकट्या दिराच्या कानावर हे गेलं तसा तो देवळ्याहून तडक आला. "वहिनी, नाशकात समुद्र कुठं हाय? पोरीचं लग्न करायचं सोडून तिला होडी घेऊन देता. लोक लय हसतील."

"हसू द्या, भाऊजी. मी ट्रक चालवायला घेतले तेव्हाही हसलेच होते."

तो चहा न घेता गेला. पुढच्या महिन्यात मी दोन गाड्या विकल्या.

"उद्या सकाळी येतो," मी दलालाला सांगितलं. "तोवर इंजिनांना हात लावू नका."

"मॅडम, इंजिनातलं कळणारं कुणी पुरुष माणूस बरोबर आणायचं ना. मिस्टर नाही आले?"

"ते नाहीत. आम्हीच घेणार आहोत, आम्हीच बघणार."

सकाळी डावं इंजिन एका सेलमध्ये सुरू झालं. उजव्याने फार वेळ लावला, आणि सुरू झाल्यावर पांढरा धूर सोडला. गार इंजिन थोडा धूर सोडतंच, त्याचं काही नाही. पण डाव्याचा विरला आणि उजव्याचा पाण्यावर तसाच लोळत राहिला. उजव्या इंजिनाचा रंगही ताजा होता. एकाच बोटीतल्या दोन इंजिनांपैकी एकालाच कुणी रंग देतं, तेव्हा त्याखाली काहीतरी झाकायचं असतं.

"आता समुद्रात घ्या," मी म्हणाले. "पूर्ण रेसवर."

"एवढ्या रेसवर कोण चालवतं?"

"राहुड घाटात भरलेली गाडी चढवल्याशिवाय मी ट्रक घेत नाही. ही तर बोट आहे. बंद पडली तर खाली उतरून धक्का मारता येणार नाही."

सुकाणू मुलीने घेतलं. बोट नाक वर करून सुटली. मी खाली काट्यांकडे बघत बसले. डावं इंजिन पूर्ण फेऱ्यांवर गेलं आणि तिथे ठाम राहिलं. उजवं तिथवर पोचलंच नाही. त्याच्या तापमानाचा काटा मात्र चढत राहिला. मी वर ओरडून रेस कमी करायला लावली. परत आल्यावर गेजची काडी बाहेर काढली, तर ऑइल दुधाळलेलं. आत पाणी शिरलं होतं.

जेट्टीवर मी मुलीला बाजूला घेतलं. "सोड ही बोट. उजवं इंजिन गेलंय."

"इंजिन खोलता येईल. बोटीचं अंग बघितलंस का? मी गेल्या आठवड्यात माणूस आणून सगळं ठोकून बघितलंय. कुठे भेग नाही, कुठे कुजलेलं नाही. चांगल्या इंजिनाची आणि सडक्या अंगाची बोट घेऊन मी काय करू?"

"पैसा अडकून पडेल. हंगाम जाईल. लोक म्हणतील..."

"लोक?" ती म्हणाली. "आई, तू काकासारखं बोलतेयस."

मला राग आला. तिचा आला, मग माझा स्वतःचाच. कारण ती बरोबर बोलत होती. आयुष्यभर ज्यांचं ऐकलं नाही त्यांचेच शब्द माझ्या तोंडातून निघाले होते, तेही माझ्याच पोरीसाठी.

मग मी दलालाकडे गेले. "बोट घेऊ. पण एकच इंजिन आहे असं धरून भाव लावा. दुसऱ्याचं भंगार झालंय."

त्याने आवाज चढवला. मालक मानणार नाही, दुसरी गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत, आणि बायकांशी व्यवहार करायचा म्हणजे हे असंच, हेही म्हणाला. मुलगी शांतपणे म्हणाली, "त्या गिऱ्हाइकांना उद्या बोलवा. गार इंजिनावर दाखवा. आम्ही लॉजवर आहोत." दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. आम्ही म्हणतो त्या भावात मालक द्यायला तयार होता.

उजवं इंजिन पावसाळाभर उघडं पडून होतं. मासेमारीच्या बोटी दुरुस्त करणारा तिथला एक मिस्त्री आणि मी, दोघांनी मिळून ते खोललं. पाण्याने थंड ठेवणारी जाळी मिठाने बुजली होती. तापून हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलं होतं आणि त्याखालचं गॅस्केट उडालं होतं. पिस्टन मात्र शाबूत निघाले. मिस्त्री आणि मी हेडवरून कडाकडा भांडलो. त्याला जुनंच घासून बसवायचं होतं, मला नवं हवं होतं. नवं बसवलं. या भानगडीत माझी आणखी एक गाडी गेली, आणि ते मी कुणाला विचारून केलं नाही.

दिवाळीनंतर मुलीने पहिले पाहुणे नेले. त्यातल्या एका गृहस्थाने जेट्टीवर मला विचारलं, "कॅप्टन कुठेत?" तो उभा होता तिच्यासमोरच. मी तिच्याकडे बोट दाखवलं. तो जरा थबकला, मग चढला.

दीर अजून बोलतो, अर्थात फोनवरच. परवा म्हणाला, "वहिनी, चांगला भाव येतोय तर देऊन टाका ती होडी."

"बोट तिची आहे, भाऊजी. तिला विचारा," मी म्हणाले आणि तिचा नंबर पाठवून दिला.