पडद्यावरची बायडी

शेणव्याकडच्या वाडीतली बायडी समुद्र ओलांडून गेली नि ओलांडून परत आली. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "काय सांगू, पानीच पानी. त्यात येक खेकडाबी दिसला नाय." यापुढचं ती सांगत नसे. सांगितलं असतं तरी ऐकतं कोण? तिची गोष्ट तिच्याआधीच गावी येऊन बसली होती.

त्याचं असं झालं. नवरा तापानं गेला तेव्हा बायडीच्या पदरात एक पोर होती, नाव लहानी. शेत म्हणाल तर दुसऱ्याचं. शहापूरच्या बाहेर पाद्रीसाहेबांचा बंगला होता, तिथं त्यांची मुलगी सांभाळायला ती राहिली. मुलीचं नाव एमी. ही गोरी पोर बायडीच्या कडेवर वाढली, नाचणीची भाकर मागून खायची आणि रागावली की "जा मेले" म्हणायची. मडमबाईंचं मराठी पुस्तकातलं, इस्त्री केल्यासारखं. पोरीचं मात्र थेट वाडीतलं.

पुढं साहेबांची बदली झाली ती आफ्रिकेकडच्या झांझिबार बेटावर. एमी बायडीला सोडेना. तेव्हा मडमबाई स्वतः वाडीवर आल्या, सारवलेल्या ओट्यावर मांडी घालून बसल्या, आणि लहानीला जवळ घेऊन म्हणाल्या, "फक्त दोन वर्षं. मग तुझ्या आईला मी स्वतः ह्या ओट्यावर आणून सोडीन."

लहानी आठ वर्षांची. तिनं मडमबाईंचं तोंड नीट निरखलं आणि मगच हो म्हणाली. बायडीनं तिला वैशाखऱ्याला आपल्या भावाकडं, बुध्याकडं ठेवलं नि गेली.

बेटावर जिकडंतिकडं लवंगांचा वास आणि कच्छी दुकानदार. बायडीचं बरं चाललं होतं. पण वर्ष पुरं व्हायच्या आत, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, तिथलं राज्य उलथलं. रस्त्यात गोळ्या, दुकानांची लूट. साहेबांच्या देशाचं जहाज आपली माणसं न्यायला आलं, तशी ही मंडळी धक्क्यावर धावली. एमी अर्थातच बायडीच्या कडेवर.

जहाजावरच्या शिपायानं बायडीकडं हात करून मडमबाईंना काहीतरी विचारलं. इंग्रजी बायडीला कळत नव्हतं. पण नकाराला कुठली भाषा लागते? मडमबाईंनी मान हलवली. मग काही न बोलता एमीला तिच्या कडेवरून उचलून घेतलं. पोर किंचाळली, "बायडे, ये ना गो!" मडमबाईंनी तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि त्या शिडी चढून गेल्या.

बायडी दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून होती. तिला वाटलं, दुसऱ्या खेपेला नेतील. मुरबाडच्या बाजारची बैलगाडी नाही का, भरली की मागाहून परत येते. पण जहाज म्हणजे बैलगाडी नव्हे, आणि तिच्यासाठी खेपही नव्हती.

एका कच्छी म्हातारीनं तिला घरात घेतलं. तिथं भांडी घासता घासता दीड वर्ष गेलं, आणि ती माणसं देशाला परतली तेव्हा त्यांच्याबरोबर बायडीही मुंबईला उतरली.

वैशाखऱ्याला पोचली तर लहानी मामीच्या पाठीमागं.

"लहाने, मी गो. तुजी आय."

लहानी म्हणाली, "मामे, या बायला पानी देऊ का?"

बायडीनं बुध्याकडं पाहिलं. बुध्या जमिनीकडं बघत म्हणाला, "मिशनची मानसं येऊन सांगून गेली. तू म्हनं तितल्या जखमी लोकांची शेवा कराया मागं ऱ्हायलीस. चल म्हनलं तरी आली नाय म्हनं."

"आन् तुला खरं वाटलं?"

"आता सायेबलोक कशाला खोटं बोलतील?"



बायडी सांगेल ते लहानी करायची. भात कांडायची, पाणी भरायची. पण 'आये' म्हणून हाक मारायची नाही. एकदाच बोलली, "ती लोकं तुला जवलची वाटली ना? मंग ऱ्हायाचं तितंच."

दोनेक वर्षांनी मुरबाडच्या बाजारात कानावर आलं की मडमबाई शहापूरला आल्यात, परदेशची चित्रं दाखवणार आहेत. चहा आणि पाव फुकट. बायडीनं लहानीचा हात धरला आणि एस.टी. गाठली. दुसऱ्या कुणाचं नाही, तर निदान त्यांच्या तोंडचं पोर ऐकेल.

मिशनच्या बंगल्यात दारं लावून अंधार केलेला, समोर पांढरी चादर ताणलेली. यंत्राच्या उजेडानं तिच्यावर एकेक चित्र पडत होतं. नारळ, गलबतं, आणि मग चादरीवर बायडी! कडेवर एमी, दोघी हसताहेत.

मडमबाई हळुवार आवाजात म्हणाल्या, "ही आपली बायडी. जहाजावर जागा होती. आम्ही किती विनवलं! पण ती म्हणाली, ह्या दुःखी लोकांना सोडून मी येणार नाही. आज ती कुठे असेल, देव जाणे."

बायका चुकचुकल्या. लहानीनं आपला हात सोडवून घेतला.

बायडी उठली. माणसांमधून वाट काढत चादरीपुढं जाऊन उभी राहिली. चित्रातली एमी तिच्या लुगड्यावर येऊन पडली.

"मडमबाय, मी हितं हाय. आता सांगा परत."

 मग मडमबाई धावत आल्या, बायडीच्या गळ्यात पडल्या, हुंदके देत म्हणाल्या, "चमत्कार! देवाचा चमत्कार!" लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्यांत बायडीचं पुढचं बोलणं कुणालाच ऐकू गेलं नाही.

नंतर तिनं मडमबाईंना आतल्या खोलीत गाठलं. लहानीला पुढ्यात उभं केलं.

"लोकांना नका सांगू. हिला येकलीला सांगा. धक्क्यावर काय झालं त्येवडंच. मी परत कदी तोंड दाखवनार नाय."

मडमबाई हळूच म्हणाल्या, "बायडी, ती गोष्ट ऐकून तिकडे कितीतरी लोकांना धीर आलाय गं."

"त्यांना आला. माज्या पोरीचं काय?"

मडमबाईंनी डोळे पुसले. लहानीच्या डोक्यावर हात ठेवला. "मुली, तुझ्या आईचं मन फार मोठं आहे. ती स्वतःच्या इच्छेनं मागे राहिली."

 पायाखालची वाळू सरकत असताना माणूस नदीत उभा राहतो, तशी बायडी नुसती उभी राहिली. मग वळली नि चालू लागली.

स्टँडवर दोघी गाडीची वाट बघत बसल्या. लहानीच्या हातात पाव तसाच होता. ती म्हणाली, "मडमबाय खोटं बोलली."

बायडीनं मान वळवली. "कशावरनं?"

"आपल्या ओट्यावर बोलली तवा माज्याकडं बगून बोलली व्हती. आज हात माज्या डोक्यावर, आन् बगत व्हती तुज्याकडं. तू गप ऱ्हातेस का नाय, त्येच बगत व्हती."

बायडीनं पदर तोंडाला लावला.

लहानीनं पाव मोडला, मोठा तुकडा तिच्यापुढं धरला. "खा, आये. शिला हाय, पन खा."