गाडीवर ये, भेटू

मोरेश्वरकाका जन्मभरात जेवढ्या नातेवाइकांना घरी जाऊन भेटले नसतील, तेवढ्यांना गाडीच्या खिडकीतून भेटले होते. घर अकोल्याला, नोकरी पाटबंधारे खात्यात, आणि पाहुणा म्हणून राहण्याचा मनापासून कंटाळा. मुंबईला निघाले की भुसावळच्या मावसभावाला आधी निरोप जायचा: अमुक गाडी, अमुक डबा, स्टेशनवर ये. तो बिचारा पोळीभाजी घेऊन हजर. एकाच तिकिटात मुंबईही व्हायची आणि भुसावळही. काका याला हिशेबी प्रवास म्हणत. सुवर्णाकाकू काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन हजार सहा साली दोघं अमेरिकेत पार्सिपनीला मुलाकडे, प्रसादकडे, आले. त्याने त्यांना पिट्सबर्गचं बालाजी मंदिर पाहायला गाडीचं तिकीट काढून दिलं. काकांनी नकाशा पसरला आणि त्यांना वाटेत पेनसिल्व्हानियातलं ते लहानसं गाव दिसलं, जिथे पुरुषोत्तम राहत होता. वसतिगृहात दोघं एका खोलीत राहिलेले. पुरुषोत्तमच्या लग्नानंतर भेट नव्हती.

काकांनी फोन केला. घरी येऊ नकोस, पुरुषोत्तम म्हणाला. बायकोला, नीलाला, आता काही आठवत नाही, अनोळखी माणूस दिसला की ती घाबरते, आणि तिला सोडून त्याला कुठे निघता येत नाही. तरी सवयीने काका बोलून गेले, "मग गाडीवर ये, भेटू." पुरुषोत्तम हसला आणि येतो म्हणाला.

आता डबा कुठला सांगायचा? तिकिटावर ना डब्याचा नंबर, ना सीटचा. प्रसाद म्हणाला, "बाबा, इथे जागा मिळेल तिथे बसतात." मग मध्ये उतरून उद्याच्या गाडीने पुढे जाऊ, असं काकांनी सुचवलं. त्यासाठी तुकड्यातुकड्यांची वेगळी तिकिटं लागतात, असं कळलं. नंबर नसलेल्या डब्यातला माणूस दुसऱ्याने शोधायचा तरी कसा, हे काकांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

गाडीत काच उघडेना. ते गाव जवळ आलं तसे काका दह्याच्या रिकाम्या डब्यात भरलेले बेसनाचे लाडू घेऊन दाराशी जाऊन उभे राहिले. गाडी थांबली. त्यांचं दार उघडलंच नाही. समोर प्लॅटफॉर्म नव्हता, नुसती झाडं होती. फक्त पुढच्या डब्याचं दार उघडतं, असं कुणीतरी इंग्रजीत सांगितलं. काका तिकडे धावले, मध्येच एका बाईच्या बॅगेला अडखळले, आणि तेवढ्यात गाडी हलली.

ते परत येऊन काकूंशेजारी बसले. "गेलं," एवढंच म्हणाले. एवढ्या वर्षांनी मित्र इतका जवळ आला होता आणि आपल्याला साधं दार सापडलं नाही, याची त्यांना लाज वाटत होती. काकूंनी आज चेष्टा केली नाही.

"मोऱ्या."

काकांनी वर पाहिलं. टक्कल पडलेला एक माणूस हातात कापडी पिशवी घेऊन सीटांच्या मधून येत होता. काका ताडकन उठले. आनंद बाजूलाच राहिला, त्यांनी त्याचा दंड धरला आणि ओरडले, "अरे पुरुष्या, उतर, गाडी सुटली!"

पुरुषोत्तमने शांतपणे खिशातून तिकीट काढलं. "पुढे अल्टूना स्टेशनपर्यंतचं आहे. दीड तास आहे आपल्याकडे. नीलाजवळ नर्स आहे, शेजारचे लोक मला तिथून परत न्यायला येणार आहेत."

खिडकीतल्या पाच मिनिटांत काय काय बोलायचं ते काकांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. दीड तासाचं त्यांच्याकडे काहीच तयार नव्हतं. ते गोंधळून लाडूंचा डबाच पुढे करत राहिले.

पुरुषोत्तमने लाडू हातात घेतला, पण खाल्ला नाही. तो बाहेर पाहत होता.

"चार वर्षांत कुठे गेलो नाही रे," तो म्हणाला. "वहिनी, मी जरा खिडकीशी बसू?"